पवित्र जगायचं म्हणजे सोमवारी सकाळी नेमकं काय करायचं?

चर्चमधली उपासना संपली होती, लोक बाहेर पडत होते. एका तरुण मुलीने मला बाजूला घेऊन विचारलं, "पवित्र जीवन जगा, सर्व स्थितीत उपकारस्तुती करा, हे मी लहानपणापासून ऐकतेय. पण उद्या सोमवार. उद्या सकाळी उठून मी नेमकं काय करायचं?" मी उभ्याउभ्या काहीतरी उत्तर दिलं, पण ते घाईचं झालं ही रुखरुख मनात राहिली. हे शब्द शेकडो वेळा ऐकलेल्यांनाही ते धड उलगडलेले नसतात. आणि जे ख्रिस्ती नाहीत, त्यांना 'पवित्र माणूस' म्हणजे जगापासून तुटलेला, सदा गंभीर चेहऱ्याचा कोणीतरी वाटतो. म्हणून आता जरा सावकाश लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. देवाने आपल्यावर प्रेम करावं म्हणून ख्रिस्ती माणूस पवित्र जगत नाही. प्रेम आधीच मिळालंय हे उमगतं, आणि मग तो तसा जगू लागतो. हा क्रम उलटा झाला की एक तर माणूस खचतो, नाहीतर गर्विष्ठ होतो. दोन्ही मी जवळून पाहिलंय.

'पवित्र' हा शब्द येतो कुठून?

बायबलच्या जुन्या करारात यासाठी 'कादोश' हा हिब्रू शब्द आहे. त्याच्या मुळाशी वेगळं काढलेलं, राखून ठेवलेलं असा अर्थ आहे. शस्त्रक्रियेची कात्री घ्या. तिचं पोलाद काही जगावेगळं नसतं, पण ती एका कामासाठी राखलेली असते. तिने कोणी कागद कापत नाही, दोरा तोडत नाही, आणि राखलेली आहे म्हणूनच ती रोज निर्जंतुक केली जाते. आधी राखणं, मग स्वच्छ ठेवणं. माणसाचंही तसंच आहे. देव आधी म्हणतो, "तू माझा आहेस," आणि मग त्या नात्याला शोभेल असं जगायला शिकवतो.

मग हे शोभणं कसं दिसतं? जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाचा 19वा अध्याय उघडा. सुरुवातीलाच वाक्य आहे: "तुम्ही पवित्र असा, कारण मी परमेश्वर तुमचा देव पवित्र आहे." एवढं भारदस्त वाक्य वाचल्यावर वाटतं, पुढे धूप, वेदी, उपास यांचंच सांगणं येणार. विधींचे काही नियम येतातही. पण त्यांच्याच बरोबरीने येतं ते असं: आईवडिलांचा मान ठेवा. पीक कापताना शेताचे कोपरे गरिबांसाठी सोडा. खोटं बोलू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. म्हाताऱ्या माणसासमोर उठून उभे राहा. तराजू आणि मापं खरी ठेवा.

यातली एक आज्ञा माझ्या मनातून जात नाही: मजुराची मजुरी सकाळपर्यंत स्वतःकडे ठेवू नको. मुद्दा फक्त मजुरी बुडवू नको एवढाच नाही, रात्रभरही अडवू नको असा आहे. ज्याचं पोट हातावर आहे, त्याच्यासाठी 'उद्या बघू' म्हणजे घरी रिकाम्या हाताने जाणं. जुन्या करारातल्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात हीच आज्ञा पुन्हा येते, आणि तिथे कारणही दिलंय: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या मजुरीवर आहे. म्हणजे देवाचा पवित्रपणा संध्याकाळी, काम संपताना, पैसे हातात देण्याच्या क्षणापर्यंत येऊन पोचतो. ज्याचे पैसे देणं लागतो त्याला टाळत राहायचं आणि प्रार्थनेत डोळे मिटायचे, हे या अध्यायापुढे टिकत नाही.

पुढे नव्या करारात येशूचा शिष्य पेत्र याने आपल्या पत्रात हेच वाक्य उचललंय, आणि 'तुमच्या सर्व आचरणात' पवित्र व्हा असं लिहिलंय. सर्व, म्हणजे सोमवारही आला.

कृपा आधी, आज्ञा नंतर

इथे तीन शब्द समजून घेऊ. 'कृपा' म्हणजे न कमावता मिळालेलं देवाचं प्रेम. ख्रिस्ती विश्वासानुसार ते येशूच्या मरणात आणि पुनरुत्थानात सर्वांत स्पष्ट दिसतं. 'पवित्रीकरण' म्हणजे त्या प्रेमात राहून माणसाचं हळूहळू बदलत जाणं. हे काम पवित्र आत्मा करतो आणि माणूस त्याला साथ देतो. आणि 'उपकारस्तुती' म्हणजे मिळालेलं ओळखून देवाचे आभार मानणं.

दत्तक घेतलेल्या मुलाचा विचार करा. ते शहाण्यासारखं वागलं म्हणून कोणी त्याला दत्तक घेत नाही. कागदावर सही होते, नाव मिळतं, घर मिळतं, आणि मग त्या घराच्या सवयी लागतात. सुरुवातीचे काही महिने ते मूल ताट लपवतं, खोटं बोलतं, कोणी हात उगारेल म्हणून दचकतं. घर आपलं आहे यावर जसजसा विश्वास बसतो, तसतसं हे सुटत जातं. धाकाने ते वरवर शांत बसेलही, पण आतून बदलणार नाही.

दहा आज्ञांची सुरुवातही अशीच आहे, आणि ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. पहिली आज्ञा येण्याआधी देव इस्राएल लोकांना आठवण करून देतो की, मी तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. सुटका आधी झाली, नियम नंतर आले. ख्रिस्ती विश्वास प्रश्नोत्तरांतून शिकवणाऱ्या, 1563 साली जर्मनीत छापलेल्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीचे तीन भाग आहेत: माणसाची दुर्दशा, त्याची सुटका आणि त्याची कृतज्ञता. दहा आज्ञांचं विवरण कुठल्या भागात असेल? तिसऱ्या. आज्ञा पाळणं हाच आभार मानण्याचा प्रकार आहे, असं त्या रचनेतूनच कळतं.

"सगळं क्षमा होणारच असेल, तर कसंही जगलं म्हणून काय बिघडलं?"

ही शंका नवी नाही. येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या रोमकरांस पत्रात स्वतःच ती मांडली आणि ताबडतोब मोडूनही काढली: पापाला आपण मेलो, मग त्यातच कसे राहू? पुरातून वाचवलेला माणूस "वाचवणारे आहेतच" म्हणून पुन्हा पाण्यात उडी घेत नाही. घेत असेल, तर तो वाचलाय हेच त्याला अजून कळलेलं नाही.

कृतज्ञ आणि कृतघ्न

आता आपल्या भाषेतला एक सुंदर शब्द बघू. 'कृतज्ञ' म्हणजे कृत अधिक ज्ञ: आपल्यासाठी जे केलं गेलं ते जाणणारा. त्याच्या विरुद्ध 'कृतघ्न', म्हणजे केलेलं मारून टाकणारा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण या शब्दाच्या मुळाशी भावना नाही, जाणणं आहे. कृतज्ञ माणसाला सतत आनंदाचं भरतं येत असतं असं नाही. काय झालंय ते त्याला माहीत असतं, आणि ते तो विसरत नाही.

बायबलमध्ये पापाची सुरुवात याच विसरण्यातून होते. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात बाग भरलेली आहे, एक सोडून सगळी झाडं खायला मोकळी आहेत. सर्प काय करतो? त्या एका झाडाकडे लक्ष वळवतो. जे मिळालंय ते क्षणात दिसेनासं होतं, आणि न मिळालेलं तेवढं डोळ्यांपुढे उरतं. मोह कोणताही असो, युक्ती हीच असते. दुसऱ्याचं यश बघून जळफळणं असो, लग्नाबाहेर मन भरकटणं असो, हिशेबात थोडी लबाडी असो. आधी मन कुजबुजतं की, तुला पुरेसं मिळालेलं नाही. पौलही रोमकरांस पत्राच्या पहिल्याच अध्यायात माणसाच्या घसरणीचं मूळ सांगताना लिहितो की, लोकांनी देवाला ओळखूनही त्याचे आभार मानले नाहीत.

म्हणून इफिसकरांस पत्रातली एक जागा मला पूर्वी कोड्यात टाकायची, आता टाकत नाही. तिथे पौल जारकर्म, लोभ, अमंगळ बोलणं यांची नावं घेऊन सांगतो की, हे तुमच्यात नसावं. मग असावं काय? आपल्याला वाटतं तो संयम म्हणेल, शिस्त म्हणेल. तो म्हणतो, उपकारस्तुती. लोभी मन रिकामं असतं. त्याला नुसतं दटावून चालत नाही, ते भरावं लागतं. ज्याला आपलं ताट भरलेलं दिसतंय, त्याचा हात शेजारच्या ताटाकडे सहसा जात नाही. पवित्र जगणं आणि कृतज्ञ जगणं एकमेकांत गुंतलेलं आहे ते इथे.

"मनात नसताना आभार मानणं हे ढोंगच ना?"

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात जवळजवळ गेला. सकाळी त्यांना सदरा घालायचं काम माझ्याकडे होतं. मला घाई असायची, मी पटापट बटणं लावून मोकळा व्हायचो. एके दिवशी त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला. "थांब. आज मी." अंगठा आणि एक बोट, तेवढंच हलत होतं. बटण काजापाशी यायचं, अर्धं आत जायचं, सटकायचं. मी घड्याळाकडे बघत होतो. किती वेळाने कोण जाणे, ते आत गेलं. बाबा थांबले, श्वास घेतला आणि म्हणाले, "प्रभू, तुझे आभार." आवाजात आनंद नव्हता, थकवा होता.

मी न राहवून विचारलं, "खरंच आभार मानावेसे वाटतात तुम्हाला?"

"वाटत काही नाही," ते म्हणाले. "पण बोट हललं, हे तर खरं आहे ना?"

ढोंग म्हणजे नसलेली भावना चेहऱ्यावर आणणं. बाबांनी तसं काही केलं नाही. वाटत नाही हे त्यांनी सरळ सांगितलं, आणि जे खरं होतं त्याबद्दल आभार मानले. कृतज्ञ, म्हणजे जाणणारा. भावना मागून येते, कधी येतही नाही. पौलाने फिलिप्पैकरांस पत्र बंधनात असताना लिहिलं, आणि त्यात तो म्हणतो की, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. 'शिकलो' हा त्याचा शब्द धरून ठेवण्यासारखा आहे. त्याचा स्वभावच तसा होता, असं तो म्हणत नाही.

आणि त्या सकाळी खरं तर शिकायचं होतं मला. आपली घाई बाजूला ठेवून एका म्हाताऱ्या माणसासमोर थांबणं ही लेवीयाच्या 19व्या अध्यायातली आज्ञा माझ्यासमोर सदरा घालत बसली होती, आणि मी घड्याळ बघत होतो.

"मग दुःखाबद्दलही आभार मानायचे का?"

ही सर्वांत खरी शंका आहे, आणि तिला उडवून लावणारे लोक मला सहन होत नाहीत. मूल गेलेल्या आईला "यातही देवाचे आभार मान" असं सांगणारा माणूस बायबल शिकवत नसतो. तो तिच्या जखमेवर मीठ चोळत असतो.

थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात शब्द आहेत: "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." स्थितीत. आजारात असताना आभार मानणं वेगळं आणि आजाराबद्दल आभार मानणं वेगळं. यावर कोणी म्हणेल, त्याच पौलाने इफिसकरांस पत्रात 'सर्व गोष्टींबद्दल' असंही लिहिलंय. लिहिलंय खरं. पण त्याच अध्यायात, जरा आधी, तो दिवस वाईट आहेत असं स्पष्ट म्हणतो आणि अंधाराची कामं उघडी पाडायला सांगतो. वाइटाला वाईट म्हणणारा माणूस त्या वाइटाबद्दल आभार मानायला सांगत असेल, हे मला पटत नाही. सगळ्या गोष्टी देवाच्या हाताबाहेर गेलेल्या नाहीत, एवढ्या भरवशावर तो आभार मानतो.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, आणि त्यांतली कितीतरी सरळ सरळ आक्रोशाची आहेत. 88वं स्तोत्र तर अंधारातच संपतं; शेवटी आशेची एक ओळही नाही. तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. म्हणजे देवापुढे रडणं हा अविश्वास नाही.

सगळ्यांत जास्त मला योहानाच्या शुभवर्तमानाचा 11वा अध्याय सावरतो. मित्र लाजर मेलाय, येशू कबरेपाशी येतो आणि रडतो. 35वं वचन एवढंच आहे. आणि 41व्या वचनात तोच येशू डोळे वर करून म्हणतो, बापा, तू माझं ऐकलंस म्हणून मी तुझे आभार मानतो. अश्रू आणि आभार यांच्यात पाच वचनांचं अंतर. अश्रू पुसल्याशिवाय आभार मानायचे नाहीत असं नाही, आणि आभार मानायचे म्हणून अश्रू दाबायचेही नाहीत.

पुढे, ज्या रात्री त्याला धरून देण्यात आलं त्याच रात्री, त्याने भाकर घेतली, आभार मानले आणि ती मोडली. प्रभुभोजनाला ग्रीक भाषेत 'युखारिस्तिया' म्हणतात, म्हणजेच उपकारस्तुती. आणि त्या शब्दाच्या पोटात 'खारिस', म्हणजे कृपा, दडलेली आहे. दर वेळी ती भाकर हातात घेताना आठवावं की हे आभार सर्वांत वाईट रात्री मानलेले आहेत.

"कृतज्ञ माणूस अन्याय गपगुमान सोसतो, असं नाही का होत?"

होतं, आणि तो या शिकवणीचा गैरवापर आहे. मार खाणाऱ्या बाईला "आहे त्यात समाधान मान" म्हणून परत पाठवणारे धर्माचा आधार घेतात, तेव्हा माझा संताप होतो. नव्या करारातलं याकोबाचं पत्र वाचा: अडवून ठेवलेली मजुरी स्वतः ओरडते, आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी पोचतो. मजुराने गप्प बसावं असं याकोब म्हणत नाही. तो मालकांना रडून आकांत करायला सांगतो. आभार मानायची आज्ञा ज्याने त्याने स्वतःसाठी घ्यायची असते. दुसऱ्याचं तोंड बंद करायला ती वापरायची नसते.

मग सोमवारी सकाळी काय?

रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा, ही गोष्ट निर्गम पुस्तकाच्या 16व्या अध्यायात आहे. रोज सकाळी त्या दिवसापुरता गोळा करायचा. उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडायचे. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट घ्यायचा, कारण सातवा विसाव्याचा. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही तीच मोजणी आहे: "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे." पवित्र जगण्याची ताकदही अशी आजच्यापुरतीच मिळते. 'मी जन्मभर रागावणार नाही' असं ठरवणारा दुपारपर्यंत हरतो. आज, या एका माणसाशी, हे झेपतं.

सकाळी फोन हातात घेण्याआधी एक गोष्ट नाव घेऊन आठवायची. "सगळ्याबद्दल आभार" म्हणू नका, ते हवेत विरून जातं. काल रात्री झोप लागली, एवढंही पुरे.

मग दिवसातली एक जागा हेरायची, जिथे आपण घसरतो हे आपल्याला पक्कं माहीत आहे. कोणाचे पैसे द्यायचे राहिलेत. कोणाच्या फोनला मुद्दाम उत्तर दिलेलं नाही. घरातूनच निघालेलो नसताना "निघालोय, वाटेत आहे" म्हणायची सवय आहे. या शेवटच्या सवयीशी मी अजून झगडतो आहे. "अजून निघालो नाही, उशीर होईल" एवढं वाक्य तोंडातून काढायला किती जड जातं, हे करून बघा.

रात्री उजळणी. येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक इग्नाती लोयोला (1491–1556) यांनी शिकवलेल्या आत्मपरीक्षणाचा क्रम मला फार उपयोगी पडतो, कारण त्याची सुरुवात चुकांपासून होत नाही. आधी मिळालेल्याबद्दल आभार, मग स्वतःच्या चुका दिसाव्यात म्हणून प्रकाश मागणं, मग दिवस तासातासाने डोळ्यांखालून घालणं, मग क्षमा मागणं आणि सुधारण्याचा निश्चय. आभारांनी सुरुवात केली की चुका दिसतात, पण त्या चिरडत नाहीत. आईच्या मांडीवर बसून चूक कबूल करणं आणि न्यायालयात उभं राहून कबूल करणं, एवढा फरक पडतो.

"तीच चूक पुन्हा पुन्हा होते, मग याला काय अर्थ?"

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1517 साली मांडलेल्या 95 मुद्द्यांतला पहिलाच मुद्दा असा होता की, विश्वासणाऱ्याचं सारं जीवन पश्चात्तापाचं असावं, ही येशूची इच्छा आहे. सारं जीवन. एकदा रडून मोकळं होण्याचा प्रसंग नव्हे. बायबलमधलं विलापगीत हे पुस्तक तर उद्ध्वस्त नगरीच्या राखेत बसून लिहिलेलं आहे, आणि त्याच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की, देवाची दया रोज सकाळी नवी होते. सकाळचा मान्ना कालच्या पडण्याबद्दल विचारत नाही.

हे घडतं फार हळू, आणि ज्याच्यात घडतं त्याला ते सहसा दिसतही नाही. बाबा आता चार बटणं स्वतः लावतात. पाचवं, गळ्याजवळचं, त्यांना दिसत नाही. ते माझ्यापुढे हनुवटी वर करून थांबतात, मी ते लावतो. काल त्यांनी विचारलं, "आज घाई नाही का तुला?" तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की घड्याळ मी आतल्या खोलीतच विसरलो होतो.